पडद्यावरच्या आईनं भरलेली ओटी

मी बायकांचं बोलणं लिहितो. पोटापाण्याचा धंदाच तो. संध्याकाळी साडेसातला लागणाऱ्या एका कौटुंबिक मालिकेचे संवाद माझे असतात. कोल्हापूरजवळ कळंब्याच्या अलीकडं भाड्यानं घेतलेल्या एका बंगल्यात तिचं शूटिंग चालतं. सासू, सून, आई, नणंद, जाऊ, सगळ्यांच्या तोंडी मीच. पन्नाशीला टेकलेला, मिशीवाला बाप्या. सेटवरच्या नट्या चेष्टेनं मला ‘वहिनी’ म्हणतात. मी चांगलं लिहितो, हे सांगायला लाज वाटत नाही. लाज दुसऱ्याच गोष्टीची वाटते आणि ती अजून कुणाला सांगितलेली नाही.

आमच्या मालिकेत नवरा बायकोला मारत नाही. लोक जेवताना बघतात, म्हणून चॅनेलला ते चालत नाही. त्याचा फक्त गैरसमज होतो, आणि तोही कुठल्यातरी दुसऱ्या बाईनं घडवून आणलेला असतो. त्यामुळं नवरा शेवटपर्यंत स्वच्छ राहतो. नायिका सोसते, वाट बघते, झोपेतही तिचं मंगळसूत्र सरळ असतं. लहानपणी जत्रेत कापडी पडद्यावर पाहिलेल्या सिनेमांतही हेच असायचं. आई पदर तोंडात कोंबून रडायची आणि घरी येताना कशी मोकळी झालेली असायची. वडील तिच्यावर हात उचलायचे. पडद्यावरची बाई आपल्याहून जास्त सोसते आणि शेवटी तिची पूजा होते, हे बघून तिला बळ यायचं असणार. तेच बळ मी आता रोज बावीस मिनिटं विकतो.

गेल्या वर्षी माझी धाकटी बहीण सासरहून एकटीच निघून आली. तिचं सासर वारणानगरच्या पुढं, आम्ही गडमुडशिंगीत. मी सेटवरून घरी पोचलो तेव्हा ती भाकरी थापत होती आणि भाकरी एका बाजूला जाड होत होती. उजव्या हाताचं मधलं बोट वाकडं जुळलं होतं. तीन महिन्यांपूर्वी नवऱ्यानं ते दाराच्या फटीत धरून दार ओढलं होतं. कारण काय, तर ती माझ्याशी फोनवर फार वेळ बोलत बसली. पदरात मूल नव्हतं, तेही कारण होतंच. आईनं बोट हातात घेऊन पाहिलं आणि विचारलं, भाकरी थापता येती नव्हं? मग पंधरा दिवस राहा म्हणाली, त्यापुढं माणसं बोलतात.

घरामागच्या परड्यात बहीण मला म्हणाली, “दादा, मी परत जाणार न्हाय. आईला तू सांग. तुझं ऐकंल ती.”

सांगतो म्हणालो. पण वडील गेल्यावर शेत, म्हशी, आम्ही दोघं, सगळं एकटीनं ओढलेल्या आईपुढं माझं तोंड उघडत नाही. रोज पडद्यावरच्या आयांचं बोलणं लिहिणारा मी, आणि स्वतःच्या आईपुढं बसलो की माझी दातखीळ बसते. भित्रा आहे मी, दुसरं काय. मग मला एक युक्ती सुचली आणि तिचा त्या वेळी मला अभिमानही वाटला.

आई मालिकेतल्या आईला फार मानायची. त्या आईनं गुरुवार धरला तर हिनंही धरला. त्या आईनं विहिणीशी बोलणं सोडलं तर इकडं आमच्या शेजारणीचं काही खरं नसे. ते सगळं मीच लिहितो, असं एकदा मी हसत म्हणालो तर ती म्हणाली, लिवतोस तू, पर बोलती ती की. तर तीच आई बोलेल, असं मी ठरवलं. गोष्टीत नायिका तेव्हा माहेरीच आली होती. मी प्रसंग लिहिला. आई पाठवणीच्या ओटीचं ताट आणते, लेकीचं तोंड बघते, ताट खाली ठेवते आणि म्हणते, राहा, हे घर तुझंही आहे. तो भाग बारा दिवसांनी, गुरुवारी दिसणार होता. मी बहिणीला म्हणालो, गुरुवारपर्यंत थांब. तूच का सांगत नाहीस, असं तिनं विचारलं. मी म्हणालो, त्या दिवशीचा भाग बघ तर खरं. तिनं विश्वास ठेवला. त्या बारा दिवसांत ती दोनदा हसलेली मी पाहिली.

आठ दिवसांनी चॅनेलच्या बाईचा फोन आला. मुंबईची, हुशार, माझ्याहून वीस वर्षांनी लहान. नायिका माहेरी राहिली तर मालिका संपली सर, म्हणाली, सासर हवंच. मी भांडलो. शेवटी अगदी रडकुंडीला येऊन मी तिला बहिणीचं सगळं सांगितलं, बोटासकट. ती म्हणाली, खरंच खूप वाईट वाटलं, हा विषय आपण पुढं कधीतरी नक्की घेऊ. आणि तुम्हाला अवघड वाटत असेल तर दुसऱ्या लेखकाकडून लिहून घेते.

मी लिहिलं. तासाभरात लिहिलं. आई लेकीची ओटी भरते आणि म्हणते, “या घरात तुझी जागा कायम आहे, पण पाहुणीची.” लिहिताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यावरून मला कळलं की वाक्य जमलंय. बहिणीला मी बदलाचं काही सांगितलं नाही. आईशी बोलायला अजून चार दिवस होते. चार दिवस मी सेटवर काम काढत राहिलो.

गुरुवारी साडेसातला बहीण टीव्हीसमोर सगळ्यांत पुढं बसली. मी दारात उभा होतो. पडद्यावरच्या आईनं ताट उचललं, खण-नारळ लेकीच्या पदरात घातला आणि ते वाक्य बोलली. माझी आई डोळे पुसत होती. बहिणीनं मान वळवून मला विचारलं, हे तूच लिवलंस? मी व्हय म्हणालो. ती उठून परड्यात गेली. मी मागं गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं पाट मांडला. ताटात तांदूळ, नारळ, खण, हळकुंड, सुपारी. आमच्याकडं ओटी घेतलेली लेक दिवस मावळायच्या आत माहेरातून निघते आणि तिला सोडायला भाऊ जातो. बहीण पाटावर बसायच्या आधी माझ्याकडं बघत उभी राहिली, बराच वेळ. ‘आई, अजून दोन-चार दिवस,’ एवढंच मी पुटपुटलो.

“तूच लिवलायस की,” आई म्हणाली. रागानं नाही, कौतुकानं. मग ती बहिणीकडं वळली. “जागा कायमची हाय बाई तुझी, पर पावणीची.”

बहिणीनं पदर पसरला.

गाडीत वारणा नदीचा पूल ओलांडल्यावर ती म्हणाली, “त्या बाईला बोलाय लावाय पंधरा दिस घालवलास दादा. आईला एक शबूद बोलला न्हाईस.” मी गाडी कडेला घेतली. आपण परत फिरूया म्हणालो, कोल्हापुरात कुठंतरी खोली बघू, मी बघतो सगळं. तिनं माझ्याकडं पाहिलंही नाही. चल म्हणाली, अंधार व्हायच्या आत पोचाय पायजे. मी गाडी पुढं घेतली.

तिचा नवरा अंगणात मोटारसायकल धूत होता. मला बघून हसला, हात पुसून नमस्कार केला. सासूनं खुर्ची दिली. बहीण आत गेली आणि सवयीनं चहा घेऊन आली. सासू म्हणाली, “काल लय रडलो बगा पावणं आमी. अशी आय पायजे. लय चांगलं लिवता तुमी.”

मी ‘थँक्यू, मावशी’ म्हणालो. कुणी चांगलं म्हणालं की माझ्या तोंडून ते आपोआप जातं. बहीण ट्रे घेऊन समोरच उभी होती.

त्या दिवसापासून तिचा मला फोन नाही. मी केला तर सासू उचलते. ‘ती मागं कामात हाय’ म्हणते आणि मालिकेत पुढं काय होणार ते विचारते. मी सांगतो.