सातव्या प्रश्नाचं उत्तर

आमच्या युनियनने काढलेलं ते पत्रक मी लिहिलं होतं. पिंपरीत कारखाने आले, बाहेरगावची माणसं आली आणि जो तो घरासाठी जागा बघू लागला. म्हणून सोळा पानी प्रश्नोत्तरं. सातबारा कुणाच्या नावावर आहे? इतर हक्कांच्या रकान्यात काय लिहिलंय? कर्ज देणारी बँक तीस वर्षांचे कागद का मागते? सातवा प्रश्न होता : मालक वारला असेल तर खरेदीखतावर सह्या कुणाच्या? उत्तर मी ठणकावून दिलं होतं. मुलांच्या, आणि नव्या कायद्याप्रमाणे मुलींच्याही. बहिणींनी हक्क सोडल्याचा रजिस्टर झालेला कागद पाहिल्याशिवाय एक पैसा देऊ नका. बँक तर देणारच नाही.

खरेदीदार बुडू नये एवढंच माझ्या डोक्यात होतं. बहीण माझ्या डोक्यात नव्हती. माझी आई कुणाची तरी बहीण आहे, हेसुद्धा नव्हतं.

एका रविवारी मामा चिखलीहून आला. एका हातात लुगडं, दुसऱ्या हातात माझं पत्रक. आजोबा आदल्या साली गेले होते. ओढ्यापासून रस्त्यापर्यंतचं रान मामाने कामगारांच्या घरबांधणी सोसायटीला द्यायचं ठरवलं होतं.

"भाच्या, झ्याक लिवलंयस," मामा म्हणाला. "बँकेच्या वकिलानं हेच पान दावलं. म्हनला, भनीचा अंगठा आना. मग म्या म्हनलं, आक्का काय परकी हाय व्हय?"

परकी नव्हती. पण आजोबांच्या दहाव्यानंतर या माणसाने आमच्या खोलीचा उंबरा ओलांडला नव्हता. अंगठ्याचं काम निघालं तेव्हा बहीण आठवली, आणि सोबत लुगडं. सगळ्या गावात हीच रीत. लुगडं-खण द्यायचा, गोडाचं जेवण घालायचं आणि कचेरीत नेऊन अंगठा उठवून घ्यायचा. मला किळस आली.

"आई, देऊ नकोस," मी म्हणालो.

"गप रे. मला काय करायचंय रान? माहेरचं दार उघडं राहू दे म्हंजे झालं."

मामा हसला. "बघ! तुझी आई तुझ्यापरीस शहानी हाय."

बुधवारी आम्ही पुण्याला रजिस्ट्रार कचेरीत गेलो. ओळख पटवायला मीच. 'या बाईंना मी ओळखतो' असं माझ्या आईबद्दल लिहून द्यायचं होतं. बाहेरच्या बाकावर कागद लिहिणारा मसुदा घेऊन तयार होता. मी हट्टच धरला, आधी वाचून दाखवा. तो वैतागून भराभरा वाचू लागला, आणि मध्येच आईने हात वर केला.

"थांबा. काय म्हनलात?"

"माझा हिस्सा मला लग्नात दागिने व रोख रूपाने पूर्ण पोचला आहे."

"कवा पोचला?"

"बाई, नमुनाच तसा असतो. बँकेला असाच लागतो."

"आक्का, दोन शब्दांनी तुझं काय झिजतंय?" मामा म्हणाला.

"माझ्या लग्नात फुटका मणी न्हाई दिला बाबांनी. दुष्काळ होता, मी कवा बोलले न्हाई. हिस्सा सोडते म्हणून लिवा. मिळाला म्हणून कशाला लिवता?" मग ती माझ्याकडे वळली. "तुझ्या कागदात हे लिवलंय का रे?"

नव्हतं लिहिलं. आणि कागद कसा घ्यावा हे लिहिताना, तो देणारीला कुणी वाचून दाखवतं का, हेही मी लिहिलं नव्हतं. लिहिणाऱ्याने वाक्य काही बदललं नाही, आणि नंबर लागला तसे आम्ही आत गेलो.

आत साहेबांनी ठरलेला प्रश्न विचारला, मोबदला पावला का? आई स्पष्ट म्हणाली, "न्हाई." साहेबांनी अंगठा घेऊन कागदावर तसा शेरा मारला आणि पुढचं नाव पुकारलं. शेरा पाहून बँकेच्या वकिलाने कागद परत केला. आईचा हक्क जायला त्याची हरकत नव्हती. आईने खोटं बोलून तो सोडला नाही, एवढीच हरकत होती!

सोसायटीतले लोक माझेच सोबती. शिफ्ट सुटली की गेटवर गाठायचे. "राव, पत्रक तूच लिहिलंस, आता घोडं तुझ्याच घरी अडलंय. आईला समजाव की!" शिकलेली, झेंडा धरणारी माणसं. मामाला खरं लिहिलेला नवा कागद करायला सांगा, असं एकही जण म्हणाला नाही.

पंधरा दिवसांनी मामा पुन्हा आला. या खेपेला दोन लुगडी. आईने चहा दिला, लुगडी त्याच्या पिशवीत परत घातली.

"आधी फुकट देत होते," ती म्हणाली. "आता एक गुंठा माझ्या नावावर कर. मग उरलेल्याचा अंगठा देते. कागदात 'पोचला' लिव, मी बी व्हय म्हनते."

मामाचा चहा तसाच राहिला. "भावाशी सौदा करतीस?"

"तू लुगडं घिऊन आलास ते काय होतं?"

मामाने गुंठा दिला. ओढ्याकडचा, पावसाळ्यात पाणी उभं राहतं तो. दुसरा कागद झाला, बँकेचं समाधान झालं, सोसायटीने पेढे वाटले. त्यातला मी खाल्ला नाही.

त्या भाऊबीजेला मामा आला नाही. आई दुपार टळेपर्यंत ताट झाकून बसली होती. मी काही बोलणार, तर तिनेच विचारलं, "तो ओढ्याकडचा गुंठा भर टाकून उचलायला किती गाड्या मुरूम लागंल रे?"