रिकामे हात

बदककाका कुणाच्या दारात परवानगी मागायला गेले की हातमोजे काढून गाडीत ठेवत. बाहेर उणे दहा असो, नाहीतर उणे वीस. शेतमालकाने दार उघडलं की त्याला थंडीने लाल पडलेले दोन मोकळे हात दिसले पाहिजेत, असा त्यांचा नियम. "मांगाले जाताना हात रिकामा पाहिजे, भाऊ," ते मला सांगत. मला ते पटत नसे. रिकाम्या हाताने मला आयुष्यात कुणी काही दिलेलं नाही.

एडमंटनपासून दोन तासांवरच्या एका लहानशा गावात माझं बारा खोल्यांचं मोटेल आहे. भांडी घासण्यापासून सुरुवात केली आणि विकणाऱ्याशी खिडक्यांच्या पडद्यांपर्यंत घासाघीस करून ते घेतलं. ते तरायचं ऑक्टोबरात येणाऱ्या बदकांच्या शिकाऱ्यांवर. काका भंडाऱ्याकडचे, तलावाकाठी वाढलेले. इथे जमीनमोजणीच्या नोकरीतून निवृत्त झालेले. संध्याकाळी ते ट्रक घेऊन कच्च्या रस्त्यांनी हिंडत, कुणाच्या कापलेल्या जवात बदकं उतरताहेत ते बघत आणि त्या मालकाची परवानगी घेऊनच परतत. दुसऱ्या पहाटे माझे पाहुणे तिथे हजर. बदल्यात काका माझा चहा घेत, आणि तोही पत्ती कमी पडली म्हणून नावं ठेवत.

बदकांना ते भंडाऱ्याच्याच नावांनी ओळखत. रुंद चोचीचा तो थापट्या. स्वतःही शिकार करत, पण पाण्यावर टेकलेल्या पाखरावर त्यांनी कधी बंदूक उचलली नाही. दमून उतरलेल्याला मारायचं नसतं, म्हणत.

इथे शिकारीसाठी शेत भाड्याने देता येत नाही, तसा कायदाच आहे. मालक हो म्हणतो किंवा नाही म्हणतो, आणि दरवर्षी नव्याने विचारावं लागतं. ज्या सौद्यात सौदाच नाही, तो मला कसा जमावा? सगळ्यांत जास्त बदकं मार्गारेटबाईंच्या तळ्यावर उतरत. एका वर्षी मीच व्हिस्कीची बाटली घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी बाटलीकडे पाहिलं, थँक यू म्हटलं आणि दार लावलं. दुसऱ्या दिवशी काका गेले आणि परवानगी घेऊन आले. "दुकानात गेलता का बे तू?" एवढंच त्यांनी मला विचारलं.

पुढे ऑक्टोबर कोरडे आणि उबदार जाऊ लागले. तळी आटली. बदकं उत्तरेतच रेंगाळत आणि नोव्हेंबरात एकदम गोठलं की दोन दिवसांत निघून जात. काका संध्याकाळी परतले की आटलेली तळी बोटांवर मोजून दाखवत. मला म्हणत, बुकिंगच्या तारखा पुढे ने. मी म्हणे, लोक रजा वर्षभर आधी टाकतात, बदकांना विचारून नाही.

मग तो ऑक्टोबर आला. मोटेल भरलेलं होतं. नाश्त्याच्या वेळी पाहुण्यांनी विचारलं आणि काकांनी सर्वांसमक्ष सांगितलं की इथे थांबण्यात अर्थ नाही, दक्षिणेला तीन तासांवर धरणाचं पाणी आहे, तिकडे जा. दुपारपर्यंत नऊ खोल्या रिकाम्या झाल्या.

मी त्यांना पार्किंगमध्ये गाठलं. तोंडाला येईल ते बोललो. माझा चहा पिऊन माझीच गिऱ्हाइकं हाकलली, असंही म्हणालो.

"पाणीच नाही त बदक कायले येईन?" काका म्हणाले. "लोकायले खोटं सांगू?"

"आधी मला एकट्याला सांगायचं होतं."

"तीन वर्षं झाले, तुलेच सांगून रायलो."

त्यांनी हातमोजे चढवले आणि ते ट्रकमध्ये बसले.

त्या हिवाळ्यात ते दूर पूर्वेकडे, व्हिटबीला मुलीकडे राहायला गेले. मी फोन केला नाही, त्यांनीही केला नाही. पुढच्या वर्षी तळ्यांत थोडं पाणी आलं आणि तेव्हापासून मी तारखा नोव्हेंबरवर नेल्या, तेही त्यांना कळवलं नाही. मार्गारेटबाईंचा मेसेज मात्र दर ऑक्टोबरला येई: यंदाही तुझ्या लोकांना माझं तळं खुलं आहे. मला वाटायचं, गावात आता माझ्या नावाला वजन आलं.

गेल्या उन्हाळ्यात काकांच्या मुलीचा फोन आला. बाबा गेले, म्हणाली. कसे गेले, एवढं विचारलं आणि फोन ठेवला.

यंदा ऑक्टोबर सरत आला तरी मेसेज आला नाही. आठवड्यावर पाहुणे आलेले. मी चिडूनच मार्गारेटबाईंच्या दारात गेलो. परवानगीचं काय झालं, म्हणून विचारलं.

"या वर्षी कुणी मागितलीच नाही," त्या म्हणाल्या. "तुझे काका दरवर्षी व्हिटबीहून फोन करायचे. मोटेलच्या लोकांसाठी विचारायचे. तुला सांगू नका, म्हणायचे."

त्यांच्यामागे तळं दिसत होतं. काठावर पातळ बर्फ, मध्ये थोडं काळं पाणी, आणि त्यावर वीस-पंचवीस बदकं टेकलेली. थापट्या असावेत. मला लांबून नीट ओळखता येत नाहीत.

मला आधी सांगायला हवं होतं, हे माझं म्हणणं आजही आहे. तळी आटल्याचंही आणि या फोनचंही. पण ते ऐकवायला आता समोर कुणी नव्हतं. मार्गारेटबाई दार धरून उभ्या होत्या. उघड्या दारातून थंडी आत जात होती.

"मग?" त्या म्हणाल्या. "तू मागतोयस का?"

मी हातमोजे काढले.