परकोटावरून
कोमेजलेल्या झेंडूचा वास आला की मला मध्यप्रांताच्या दिवसांतली अमरावती आठवते. जुनी शहरं पाहण्याचा मला नाद होता आणि त्या खेपेला मी आठ वर्षांच्या बहिणीलाही नेलं होतं. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. परकोटाच्या, म्हणजे जुन्या गावाभोवतीच्या तटाच्या, दरवाजावरचं नक्षीकाम पाहताना तिचा हात कधी सुटला, मला कळलंच नाही. बोळाबोळांतून मी वेड्यासारखा तिचं नाव घेत ओरडत फिरलो. शेवटी एका फुलवालीनं अडवलं, "कावून बोंबलून राह्यला गा?" मी सांगितलं तशी ती म्हणाली, "तिले आयकू येत नाई, मंग ओरडून काय होते? परकोटावर चढ. तिले दिस!" तिनं झेंडूच्या टोपलीवरचं ओलं फडकं माझ्या हाती दिलं. वर उभा राहून मी ते रडत रडत हलवत राहिलो. हात भरून आले, आशा सुटत चालली, आणि तेव्हा खाली एका विहिरीच्या काठावरून एक लहानसा हात वर झाला. घरी आईनं तिला खुणेनं विचारलं, "काय पाहिलं गं?" बहिणीनं दोन्ही हात उंच हलवून माझी नक्कल केली. आई खूप हसली. आई असेपर्यंत तिला खरं सांगायचं धाडस मला झालं नाही. आज पहिल्यांदा लिहितोय.