फाटलेला ओठ

चंदगडहून कोल्हापूरला येणाऱ्या एसटीत ती माझ्या शेजारी बसली होती. मांडीवरच्या तान्ह्याचा वरचा ओठ जन्मतःच फाटलेला, त्याला अंगावरचं दूध ओढता येत नव्हतं. म्हणून पदराआड वाटीत दूध काढून ती चमच्यानं थेंबथेंब पाजत होती. गाडी आदळली की थांबायची, ठसका लागला की पाठ चोळायची.

मागच्या सीटवरची बाई वाकून म्हणाली, "ग्रहणात विळीवर काय तरी चिरलं असशील, म्हणून पोरगं असं झालं बघ."

माझं डोकंच फिरलं. पण माझ्याआधी ती आईच मागे वळली.

"मावशी, पोराचा ओठ डॉक्टर शिवतील की. तुमच्या तोंडाला टाका कोण घालणार?"

बाई मागे सरकून बसली. हिचे डोळे मात्र भरले होते. लेकराचं पोट भरता भरता आईनं असल्या आरोपांना उत्तरंही द्यायची, याचा मला आजही संताप येतो.