सांगून पाण्यात उतरणाऱ्या गजराआक्का

गजराआक्कांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्या पाण्यात होत्या आणि मी होडीत. मी मूळची माणदेशातली. आमच्याकडे पाणी म्हणजे हंड्यातले, फार तर विहिरीच्या तळाशी दिसणारे. शिक्षिका म्हणून पहिलीच नेमणूक मिळाली ती भाटघर धरणाच्या पाण्यापलीकडच्या एका वाडीत. भोरहून एसटीने काठापर्यंत आले आणि पुढे होडीने जायचे आहे हे कळल्यावर परत फिरावेसे वाटले. होडीत बसले, दोन्ही हातांनी फळी घट्ट धरली आणि डोळे मिटून घेतले. थोड्या वेळाने अगदी जवळून एका बाईंचा आवाज आला.

“बाई, डोळं उगडा की. येवढं पाणी रोज कुणाला बघायला मिळतं?”

डोळे उघडले तर आवाज होडीतून नव्हे, पाण्यातून आला होता. नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या एक बाई होडीच्या बरोबरीने संथपणे हात मारत येत होत्या. चेहऱ्यावर असा आनंद, की जत्रेत पाळण्यात बसलेल्या मुलीच्याच चेहऱ्यावर दिसावा. नावाडी म्हणाला, या गजराआक्का, रोजच असतात. मी आक्कांकडे पाहत राहिले आणि पलीकडचा काठ कधी आला ते कळलेही नाही.

त्या आक्का आता पंच्याहत्तर वर्षांच्या होत आहेत. या गौरवग्रंथासाठी लिहा, असे समितीने सांगितल्यापासून माझे चित्त थाऱ्यावर नाही. वर्गात फळ्यावर गणित लिहिता लिहिता मध्येच आक्कांचे एखादे वाक्य आठवते आणि मी मुलांसमोरच हसते. ज्यांना आक्का ठाऊक नाहीत त्यांना वाटेल, पोहता येणाऱ्या एका बाईंचा एवढा गौरव कशासाठी? म्हणून सगळे नीट सांगते.

आक्कांचे माहेर वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, तोरण्याच्या उतारावरच्या एका धनगरवाड्यावर. वडिलांच्या शेळ्या-मेंढ्या आणि थोड्या म्हशी होत्या. दुपारी म्हशी ओढ्याच्या डोहात बसायला जात आणि त्यांच्या शेपट्या धरून लहानगी गजराही डोहात उतरे. एकदा म्हैस मधेच वळली, हातातली शेपटी सुटली, आणि आपण बुडत नाही हे त्यांना समजले. आक्का हा प्रसंग इतक्या वेळा आणि इतक्या रंगून सांगतात, की त्या म्हशीला आम्ही सगळ्याजणी नावाने ओळखतो. तिचे नाव चांदी.

लग्न होऊन त्या भाटघरच्या काठावर आल्या. घर त्यांच्याच समाजातले, पण शेतीत स्थिरावलेले. दारातून दिसणारे पाणी डोहाच्या शंभरपट मोठे आणि त्यात पाऊल टाकायची मात्र बंदी. घरच्या सुनेने पाण्यात पोहणे म्हणजे चारचौघांत शोभा. सुरुवातीला आक्का धुणे धुवायला जात, आजूबाजूला कुणी नाही असे पाहून पाण्यात उतरत आणि केस वाळवूनच घरी येत. पण यात त्यांचे मन रमेना. पोहताना अर्धे लक्ष काठाकडे, कुणी पाहते का याच्याकडे. अखेर एका संध्याकाळी जेवणे झाल्यावर त्यांनी सासूबाईंना आणि पतींना, म्हणजे सगळ्या वाडीच्या नानांना, सरळ सांगून टाकले, की मी पाण्यात उतरते, मला त्यात सुख वाटते, आणि उद्यापासून सांगून जाईन.

सासूबाई पुष्कळ बोलल्या. नाना मुळात मितभाषी. सगळे ऐकून घेऊन ते एवढेच म्हणाले, “जाऊ द्या तिला. पवून आली की दिवसभर सगळ्यांशी ग्वाड बोलती.”

घरातली सगळी कामे उरकून, सासूबाईंचे अंथरूण-पांघरूण उन्हात टाकून, मग “येते ओ जाऊन,” असे मोठ्याने सांगून आक्का पाण्यावर जाऊ लागल्या. सासूबाईंनी अखेरपर्यंत तोंडाने होकार दिला नाही. पण आजारपणात त्या रोज विचारत, “गेलतीस का आज?” असे आक्का सांगतात.

मी वाडीत आले त्याआधी वर्षभरच नाना गेले होते. दुःखाचे दिवस आक्कांनी घरात काढले. मग एके सकाळी त्यांनी पुन्हा काष्टा मारला. आता मात्र भावकी उठली. नवरा होता तोवर ठीक, विधवा बाईने पाण्यात खेळावे हे शोभत नाही, असे म्हणणे पडले. त्यांचे धाकटे दीर, तात्या, हे वाडीतले वजनदार गृहस्थ. आक्कांचा मुलगा दत्ता तेव्हा शिरवळच्या एका कारखान्यात कामाला लागला होता आणि त्याचे लग्न जमत आले होते. तात्यांनी निरोप धाडला, की हे बंद झाले नाही तर लग्नाच्या मांडवात भावकीतले कुणी येणार नाही.

तात्या माझ्याकडेही आले. तुम्ही शिकलेल्या, तुमचे त्या ऐकतील, जरा समजावून सांगा, असे त्यांनी मला विनवले. त्यांचा स्वर दुष्टाव्याचा नव्हता. वाडीची रीत मोडते याचे त्यांना खरेच दुःख होत होते. मी नवखी. मलाही वाटले, पोराचे लग्न महत्त्वाचे, पोहणे काय नंतर करता येईल. मी आक्कांच्या अंगणात जाऊन बसले आणि हे सगळे जमेल तितके गोड शब्दांत सांगितले. आक्का तांदूळ निवडत होत्या. हात न थांबवता त्या म्हणाल्या,

“बाई, म्या कुणाचं काई घेतलं का? कुणाला दुखवलं का? मला सुख हुतंय ते म्या लपवून करत न्हाई, येवढंच लोकास्नी सलतंय. आज दत्तासाटी खोटं वागले, तर उद्या सून घरात आल्यावर तिला काय शिकवू? तू बी लपव म्हनू?”

समजावायला गेलेली मी समजून परत आले.

त्या हट्टाची किंमत मात्र आक्कांनी मोजली. ठरत आलेली सोयरीक मोडली. दत्ताला ते फार लागले. त्याने आईशी बोलणे टाकले आणि तो शिरवळलाच राहू लागला. त्या दिवसांत आक्का पाण्यातून बाहेर आल्या की काठावरच्या दगडावर बराच वेळ बसत. मी एकदा शेजारी जाऊन बसले. त्या रडत होत्या, आणि रडतानाही त्यांनी तोंड लपवले नव्हते. “पोरगं लांब गेलं,” एवढेच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाण्यात होत्या. धैर्य म्हणजे छाती काढून चालणे नव्हे, हे मी तिथे पाहिले.

पुढच्या वर्षी विंझरहून एक स्थळ आले. वडिलांचे रस्त्यालगत छोटे किराणा दुकान, मुलगी सुनीता बारावी झालेली. दत्ता आईला घेऊन जायला वाडीत आला, तोही मामांच्या सांगण्यावरून आणि त्यांच्याबरोबरच. आक्का मला म्हणाल्या, बाई, तुम्ही पण चला. टेम्पोत मायलेक समोरासमोर बसले होते आणि बोलत मात्र माझ्याशी होते.

चहा-पोहे झाले. मग मुलीच्या वडिलांनी घसा खाकरला आणि दत्ताला विचारले, की तुमच्या आई धरणात पोहतात असे कानावर आले आहे, ते खरे का? मामांनी दत्ताकडे पाहून मानेनेच नाही म्हणण्याची खूण केली. आक्कांनी मान खाली घातली नाही. त्या मुलाकडे सरळ पाहत होत्या. दत्ताने हातातली बशी खाली ठेवली. मग तो म्हणाला,

“व्हय, पवती. लहानपनापासनं पवती. आन लई चांगली पवती.”

आतल्या दाराशी उभ्या असलेल्या सुनीताने तिथूनच विचारले, “मग मला शिकवत्याल का?”

आधी वडील हसले, मग सगळेच. परतताना टेम्पोत दत्ता आईच्या शेजारी बसला. वाटेत खड्डा आला की तो आईच्या खांद्यामागे हात धरत होता. माझ्या आयुष्यातल्या सर्वांत सुंदर प्रवासांपैकी तो एक.

लग्नाच्या मांडवात भावकीतली मोजकीच माणसे आली. तात्या आले नाहीत. पण सुनीता खरोखरच सासूबाईंबरोबर पाण्यावर जाऊ लागली आणि वाडीला बोलायला नवा विषय मिळाला. सासू-सून एकत्र पोहतात म्हटल्यावर शेजारच्या लेकी-सुना काठावर येऊन बसू लागल्या. मग कुणी पाय भिजवले, कुणी गुडघ्यापर्यंत गेल्या. आक्का कुणालाही ओढत नसत. “मनात आलं की या, पानी कुठं पळून चाललंय?” असे म्हणत. आणि मग माझ्या मनातही आले.

पाठीला रिकामा बंद डबा बांधून माझे शिक्षण सुरू झाले. मी इतकी भित्री, की कमरेइतक्या पाण्यात आक्कांच्या गळ्यात हात टाकून किंचाळत असे. आक्का माझ्या पोटाखाली हात धरून उभ्या राहत आणि त्यांच्या शेळ्यांच्या गोष्टी सांगत. अशाच एका गोष्टीच्या ऐन भरात त्यांनी हात कधी काढून घेतला, ते मला कळले नाही. कळले तेव्हा मी पोहत होते. माणदेशातली मी, पाण्यावर होते! काठावरच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या आणि मी आनंदाने पुन्हा किंचाळले, म्हणून नाकातोंडात पाणी गेले ते वेगळे.

त्यानंतर दर सुट्टीला मुलींचा वर्ग भरू लागला. आईवडिलांना विचारून, सांगून. चोरून आलेल्या मुलीला आक्का परत पाठवत, “घरी सांगून ये, न्हाईतर पान्यात बी भ्या वाटतं,” असे म्हणून. तात्यांच्या घरून अर्थातच कुणी येत नसे.

एका पावसाळ्यानंतर धरण काठोकाठ भरलेले असताना तात्यांच्या पत्नी धुणे धुताना शेवाळावरून घसरल्या आणि खोल पाण्यात गेल्या. काठावर आक्कांच्या वर्गातल्या दोन मुली होत्या. एकीने पळत जाऊन रिकामा डबा आणला, दुसरी पाण्यात शिरली, आणि आक्कांनी शिकवले होते तसे समोरून न जाता मागून जाऊन तिने काकूंची वेणी धरली. मोठी माणसे धावत येईपर्यंत काकू काठावर बसून खोकत होत्या.

चार दिवसांनी सकाळी आमचा वर्ग सुरू असताना तात्या काठावर आले. सोबत त्यांच्या दोन नाती. तात्या आक्कांना म्हणाले, “वयनी, ह्यास्नी बी घ्या.”

आक्कांना त्या क्षणी किती तरी बोलता आले असते. त्यांनी फक्त विचारले, “टावेल आनल्यात का?”

तात्यांनी मान डोलावली. त्या दिवशी त्यांनी स्वतः काठावर बसून सगळ्या मुलींचे टॉवेल सांभाळले.

माझ्यावर आक्कांचे ऋण केवळ पोहण्याचे नाही. माझ्या लग्नासाठी घरचे लोक मागे लागले होते. स्थळ मोठे होते, पण नोकरी सोडावी लागणार होती. सगळ्यांनी सल्ले दिले. आक्कांनी सल्ला दिला नाही. नाचणीची गरम भाकरी ताटात टाकत त्यांनी विचारले, “बाई, तुमाला काय आवडतं?” हा प्रश्न मला तोवर कुणी विचारलाच नव्हता. मुले शिकवायला आवडते, हे उत्तर माझ्या तोंडून इतके पटकन आले, की पुढचा निर्णय आपोआप झाला. मी घरी तसे स्पष्ट कळवले. काही महिने घरात अबोला होता. तो कसा सोसायचा हे मी आक्कांकडे पाहून शिकले होते. पुढे मनासारखा जोडीदार मिळाला, बदली विंझरला झाली, आणि तरीही सुट्टी लागली की आम्ही दोघे भाटघर गाठतो.

आता समारंभाविषयी. समितीचे लोक आक्कांना विचारायला गेले तेव्हा मीही होते. सजवलेली बैलगाडी, मिरवणूक, मोठा मांडव असा बेत होता. आक्का म्हणाल्या, बैल बिचारे कशाला दमवता, काठावर जमू या आणि ज्या बायकांच्या मनात असेल त्या माझ्याबरोबर पाण्यात येतील. बस्स, तोच बेत ठरला! वेल्ह्याहून माहेरची मंडळी ढोल घेऊन येणार आहेत. दत्ता आणि सुनीता पाहुण्यांच्या जेवणाचे बघत आहेत. सुरक्षेसाठी होड्या थांबतील. आक्कांनी शिकवलेल्या मुलींपैकी कुणी परिचारिका झाली आहे, कुणी पोलीस भरतीत निवडली गेली आहे, कुणी गावातच शेती करते आहे. त्या सगळ्या येत आहेत, कित्येकजणी आपल्या मुलींना घेऊन. माझी मुलगी तर आठवडाभर घरातल्या पलंगावर उपडी पडून हात मारते आहे.

लेखाचा शेवट शुभेच्छांनी करायची रीत आहे, म्हणून काल मी आक्कांनाच विचारले, की तुमच्यासाठी काय मागू? जमिनीवर चालताना त्यांचे गुडघे आता दुखतात. त्या पायरीवर बसून तेल चोळत होत्या. म्हणाल्या, “आयुष्य लई नगा मागू, बाई. हाय तंवर पानी कापायचं बळ राहू दे, येवढंच लिवा.”

आक्का, तुम्ही सांगितलेत तसे लिहिले आहे. पण तुमच्या शिष्या फार हावऱ्या आहेत. आम्ही बळही मागतो, निरोगी शरीरही मागतो आणि भरपूर आयुष्यही मागतो. आणि हे आम्ही तुमच्यामागे, चोरून मागत नाही. सगळ्या वाडीसमोर, तुम्हाला सांगून मागतो.