एकशे अठरा फोटो

सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. युगांडातल्या एमबालेच्या बसतळामागच्या आपल्या दुरुस्तीच्या खोलीत नाम्बोझो एका लॅपटॉपला पेनड्राइव्ह लावून बसली होती आणि शेजारचा दुरुस्तीवाला मुगिदे याला शिव्या देत होती. तो चहाचा कप घेऊन दारातच उभा असल्याने त्या वाया जात नव्हत्या.

"सगळं पुसून टाकू म्हणालास बाईंना? आत काय आहे ते विचारलंस तरी?"

"विचारायचं काय त्यात? विंडोज उघडत नाही, नवी टाकायची. अख्खा बाजार तेच करतो."

"बाजाराला अक्कल नाही, म्हणून तूही वापरायची नाही?"

बाकावर मुख्याध्यापिका खाइन्झा बसल्या होत्या. लॅपटॉपमध्ये त्यांच्या सातवीच्या एकशे अठरा मुलांची नावं आणि फोटो होते. परीक्षेची नोंदणी उद्या पाचला बंद होणार. शाळेला सुट्टी लागलेली, मुलं डोंगरभर पांगलेली. पुन्हा फोटो काढायला कुणाला कुठून गोळा करणार?

काल विंडोज नव्या फायली बसवत असतानाच गडगडलं. गडगडलं की इथं घरोघरी आधी प्लग उपटतात. बाईंनीही उपटला. बॅटरी दोन वर्षांपूर्वीच मेलेली, त्यामुळे काम अर्धवट असतानाच लॅपटॉप बंद पडला.

"माझंच चुकलं," बाई म्हणाल्या.

"तुमचं नाही. याचं."

"मीही पेनड्राइव्हवरूनच सुरू केलं होतं," मुगिदे म्हणाला. "सी कप्पा तपासला. काही नव्हतं तिथं."

नाम्बोझोने लॅपटॉपचा पडदा त्याच्याकडे वळवला. पेनड्राइव्हवरून सुरू केल्यावर डिस्कच्या कप्प्यांची अक्षरं बदलू शकतात. बाईंची विंडोज आता डीमध्ये दिसत होती. सी हा नुसताच रिकामा कप्पा होता.

"रिकाम्या खाटेची नाडी बघितलीस आणि रोगी मेला म्हणून सांगितलंस!"

मुगिदे कप घेऊन पुढे आला आणि पडद्यावर वाकला.

तिने आधी फोटो दुसऱ्या ड्राइव्हवर उतरवले आणि मोजले. एकशे अठरा. मग दुरुस्तीची आज्ञा दिली, डीवर. चाळीस मिनिटांनी उत्तर आलं: बिघडलेल्या फायली सापडल्या, दुरुस्त केल्या. पेनड्राइव्ह काढला, लॅपटॉप स्वतःच्या बळावर सुरू झाला.

"या वर्षी असे किती पुसलेस रे?"

"मोजतंय कोण?" मुगिदे म्हणाला.

 फोटोंची प्रत असलेला ड्राइव्ह नाम्बोझोने बाईंच्या हातात ठेवला.

जिल्हा कार्यालयाची नोंदणीची खिडकी उद्या नऊला उघडेल. मुगिदेचं दुकान रोजच्यासारखं आठला, आणखी लॅपटॉप पुसायला.