लालसूला आणायला भिवंडीला

आमच्या गावाहून सकाळची एसटी आता रोज सुटते. निघताना आई चुलीपासून उठली नाही. म्हणाली, “सापडला नाही तर तिथेच शोधत बसू नकोस. तू तरी परत ये.”

गडचिरोलीच्या टोकाला, भामरागडकडच्या जंगलात आमचं गाव. मी तिथे अंगणवाडी सेविका आहे. लालसू माझा धाकटा भाऊ. दलमच्या (जंगलातल्या सशस्त्र तुकडीच्या) लोकांनी घरामागे एक पोरगं मागितलं, तेव्हा तो नुकताच कॉलेजात जाऊ लागला होता. त्याच आठवड्यात तो कुणालाही न सांगता निघून गेला. दलमला वाटलं, पोलिसांचा खबऱ्या झाला. पोलिसांना वाटलं, दलममध्ये गेला. बाबांना दोघांनीही विचारलं. बाबा दोघांनाही खरं तेच सांगत, “मला ठाऊक नाही,” आणि ते कुणालाच पटत नसे. पुढे बाबा तापाने गेले.

गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या भागातल्या दलमच्या उरलेल्या लोकांनी बंदुका खाली ठेवल्या. मग शेजारगावचा एक जण भिवंडीहून कामावरून आला आणि हळूच सांगून गेला, पूर्णा नावाच्या गावात, निळ्या शटरच्या गोदामात लालसूसारखा माणूस पाहिला. दलम होतं तोवर असली गोष्ट कुणी सांगितली नसती.

बल्लारशाहून रेल्वेने कल्याण, कल्याणहून शेअर रिक्षा. भिवंडीत शिरल्यावर घराघरांतून कापड विणणाऱ्या लूमचा खडखडाट ऐकू येत होता. मी कान देऊन बसले, तर शेजारची बाई म्हणाली, “आदत हो जाएगी. बंद पडतात ना, तेव्हा झोप येत नाही आम्हाला.” पुढे दुसरी रिक्षा केली. रिक्षावाल्याने विचारलं, “पूर्णाला कुठे?”

“निळ्या शटरचं गोदाम.”

तो नुसता हसला. का, ते पूर्णाला उतरल्यावर कळलं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना गोदामंच गोदामं, कंटेनरच्या रांगा आणि शटरं बहुतेक निळीच. माझ्याकडे लालसूचा शाळेतला एक फोटो होता. तो दाखवत मी एकेका फाटकावर फिरले. एका ठिकाणी नोकरी मागायला आले समजून मला रांगेत उभं केलं. पुढच्या फाटकावर तर कुणी फोटोकडे पाहिलंही नाही. ऊन डोक्यावर आलं, तसं आईचं बोलणं आठवू लागलं.

ज्या फाटकावर मी नुसतं पाणी मागितलं, तिथला वॉचमन नेपाळी होता, खडका नावाचा. पाणी देताना त्याने फोटो पाहिला. बराच वेळ पाहिला.

“ये तो राजू है. नागपूरवाला.”

“नागपूरचा नाही तो,” मी म्हणाले आणि जीभ चावली.

खडकाने पुढे काही विचारलं नाही. राजू ड्युटीवर होता, शिफ्ट सुटायला वेळ होता. खडकाने मला जवळच, राजूच्या खोलीच्या मालकिणीकडे नेऊन सोडलं. त्या अनसूयामावशी. पुढे त्यांचं घर, मागे भाडेकरूंच्या खोल्या. मी राजूची बहीण म्हटल्यावर त्यांनी आधी मला हातपाय धुवायला लावले.

“बस गो बाय. येल तो आता. जेवली न्हाय ना?” तांदळाची पांढरी मऊ भाकरी आणि सुकटीचं (वाळवलेल्या बारीक मासळीचं) कालवण त्यांनी वाढलं. “ही गोदामा हायत ना, तितं आमची भाताची शेती व्हती,” त्या सांगत होत्या. मी ऐकत होते, पण लक्ष दाराकडे होतं.

लालसू आला तो दारातच थांबला. दाढी वाढलेली, अंगाने भरलेला. “कौन?” त्याने हिंदीत विचारलं. मी माडियात, आमच्या भाषेत, त्याला नावाने हाक मारली. तो आत आला, त्याने आधी दार लावलं आणि मग माझ्यासमोर खाली बसला.

“तुझ्यामागे कोणी आलं नाही ना, ताई?”

“कोणी नाही रे.”

“बाबा?”

मी सांगितलं. तो रडला नाही. माझ्या पायाचा अंगठा धरून तसाच बसून राहिला. मावशींना आमची भाषा कळत नव्हती, पण त्यांनी भाकऱ्या थापायच्या थांबवल्या.

मी त्याला घरी चल म्हणाले. दलम राहिलं नाही, रस्ता झाला, एसटी येते, सगळं सांगितलं. “असं आधीही म्हणायचे,” तो म्हणाला. “चार दिवस शांत, मग एखाद्याला उचलून नेत. मी आलो आणि ते परत आले तर? तुम्हाला त्रास होईल.”

तेवढ्यात खडका ड्युटी संपवून आला. दार लावलेलं पाहून परत जात होता, पण चाहूल लागून मावशींनी दार उघडलं आणि त्याला आत घेतलं. मग लालसूने हिंदीत खरं गाव सांगितलं, पहिल्यांदाच.

“हमारे यहाँ भी जंगलवाले थे,” खडका म्हणाला. “रात को वो आते, दिन में फौज. मैं भी भागा था. लडाई खतम हुई, तब भी साल भर घर नहीं गया. डर लगता था. फिर गया, तो माँ ने पहचाना नहीं.” मग लालसूकडे वळून म्हणाला, “तू देर मत कर.”

मावशी लालसूकडे बघत होत्या. “म्हंजे तू नागपूरचा न्हाय?”

“नाय मावशी.”

“इतकी वर्सं आमच्यात र्‍हातोस, आन गाव सांगाला भ्यालास?” आवाजात राग होता, पण हात पुन्हा पिठाकडे गेला होता. “आयेला भेटून ये. खोली कुनाला देनार न्हाय मी.”

त्याने सुट्टी टाकली. बल्लारशापर्यंत रेल्वेने, पुढे एसटीने आलो. गावाच्या अलीकडे पोलीस चौकीवर एसटी थांबली, तसा त्याचा हात माझ्या मनगटावर आवळला. जवान आत चढला, सगळ्यांवर नजर फिरवून उतरला आणि ड्रायव्हरला म्हणाला, “चला.” एवढंच. लालसूने माझं मनगट सोडलं.

आईने त्याला ओळखलं. उठली, त्याच्या दाढीला हात लावला आणि म्हणाली, “ही काढ आधी.”

सुट्टी संपली की तो भिवंडीला परत जाईल. पोट तिकडे आहे त्याचं. मला त्याचं फारसं वाईट वाटत नाही. गावातली किती पोरं कामाला जातात आणि सणाला येतात, तसाच आता हाही.

परवा तो पोरांबरोबर मोहफुलं वेचायला जंगलात गेला. दुपारी येतो म्हणाला होता. ऊन उतरलं, गुरं परतली, तरी त्याचा पत्ता नव्हता. सांज पडताना टोपली घेऊन आला आणि भूक लागली म्हणून कुरकुरला. आईने वाढलं. त्याचं जेवण झाल्यावर माझ्या ध्यानात आलं, जंगलात गेलेला माणूस इतक्या उशिरा परतला, आणि आम्ही दोघी आत खुशाल तांदूळ निवडत बसलो होतो.